डावीकडे वळलेला माग

लोक्तारीच्या नजरेतून गुरांचा माग सुटत नाही, याबद्दल तुर्क्वेल नदीच्या दोन्ही काठांवर एकच मत होतं, आणि दोन्ही काठांचं एकमत होण्यासारखी दुसरी गोष्ट त्या मुलखात नव्हती. तो पोकोट जमातीचा. तरुणपणी पलीकडच्या काठावरच्या तुर्काना जमातीच्या गाई पळवूनच त्याने नाव कमावलं होतं. आता साठी उलटली होती, एक गुडघा गोळी लागून कायमचा आखडला होता. तरी गाई चोरीला गेल्या की तुर्काना आधी त्याला शिव्या घालत आणि मग त्यालाच बोलावणं धाडत.

दोन वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बाभळीखाली बसून ठरवलं होतं, की यापुढे गाईंसाठी बंदूक उचलायची नाही. लोक्तारीने माग काढायचा. माग ज्याच्या दारात जाईल त्याने गाई त्याच दिवशी परत करायच्या. लोक्तारी ‘माग संपला’ म्हणाला, तर गाई गेल्या असं समजून गप्प बसायचं. एका माणसाच्या जिभेवर एवढा भार टाकणं हा शुद्ध वेडेपणा होता, पण त्या वेडेपणाने दोन वर्षांत एकही मुडदा पडू दिला नव्हता.

परवा पहाटे आसेकोनच्या अकरा गाई गेल्या. ही तुर्काना विधवा, जिभेने तिखट, आणि तिच्याकडे त्या अकरांखेरीज दुसरं काही नव्हतं. लोक्तारी चार दिवस वरच्या अंगाला एका बैठकीत होता. तो घरी न जाता तिथूनच थेट आला, रिकाम्या कुंपणापाशी वाकला आणि माग घेऊन गुणगुणत चालायला लागला. मागे आसेकोन, तिच्या मागे खांद्यावर बंदूक टाकलेला तिचा पुतण्या एलिम.

“काय रे म्हाताऱ्या,” आसेकोन म्हणाली, “माझ्या गाई गेल्यात आणि तुला गाणं सुचतंय होय?”

“पोरीचं लग्न जमलंय गं. तीन वर्षं थांबली बिचारी. नवऱ्या मुलाच्या सगळ्या गाई दुष्काळात मेल्या, पोरीसाठी मला देणार काय?”

“मग जेवायला बोलाव मला.”

“तू येणार, आमचं दूध पिणार आणि वर नावं ठेवणार.”

“राख घालता त्यात तुम्ही. राख! नावं ठेवू नको तर काय करू?”

लोक्तारी खरोखरच खुशीत होता. वाटेत गावातली एक बाई भेटली होती. ती म्हणाली, होणाऱ्या जावयाने, रेरिमोईने, काल दुपारी गाई आणून तुझ्या कुंपणात बांधल्या. युगांडाकडच्या कुणा मामाने दिल्या म्हणे. पोरगी, चेपुसेपा, आनंदाने वेडी झाली आहे. एवढं ऐकल्यावर लोक्तारीने पुढे काही विचारलं नाही. खुशीत असलेला बाप फार चौकशा करत नाही.

माग सोपा होता. टायरच्या चपलांचे ठसे होते, आणि एक गाय मागचा डावा खूर घासत चालली होती.

“ती माझी कबरी,” आसेकोन म्हणाली. “वासरू आडवं आलं होतं, तेव्हापासून लंगडते.”

कोरड्या ओढ्यापाशी मात्र गाईंची पावलं नाहीशी झाली. जिकडे तिकडे शेळ्यांचे खूर उमटले होते. एलिम थुंकला. “संपला माग.”

“काही संपला नाही,” लोक्तारी हसला. “गाई नेल्यावर त्याच वाटेने शेळ्या हाकल्यात, पुन्हा परत आणल्यात. बघ, खुरावर खूर आहे. पोरगा हुशार आहे हं! ही युक्ती तर…”

तो थांबला. ही युक्ती त्याची स्वतःची होती. चाळीस वर्षांपूर्वी त्याने ती शोधून काढली आणि तिच्या जोरावर तुर्कानांच्या हातावर तुरी दिल्या. ती त्याने जन्मात एकाच माणसाला सांगितली होती, तीही गेल्या वर्षी, गप्पांच्या भरात, फुशारकी मारायला. तो माणूस रेरिमोई होता. लोक्तारीचं गाणं बंद झालं.

पुढे काळ्या खडकाचा माळ लागला. एलिम चौफेर फिरला, गुडघ्यांवर बसला, आणि हात झटकत उठला. त्याला काही दिसेना. लोक्तारीला दिसलं. एका कडेला शेणाचा वाळका फराटा होता, आणि त्याच्या पुढे दगडावर घासलेल्या खुराचा पांढरा ओरखडा. दोन्ही डावीकडे वळले होते. डावीकडे पाण्याच्या खड्ड्यापर्यंत एकच घर होतं.

त्याने कमरेला लटकवलेलं छोटं लाकडी आसन काढलं आणि त्यावर बसला.

“सापडला का?” आसेकोन बाजूच्या दगडावर टेकली.

“थांब जरा.”

तिने तपकिरीची डबी पुढे केली. “नसेल तर नाही म्हण. मी जाईन परत. आमच्या पोरांना सांगेन, लोक्तारी नाही म्हणाला. माझं नाही ऐकत मेले, पण तुझं ऐकतात.”

‘नाही दिसत’, एवढे दोनच शब्द होते. पोरीचं लग्न पार पडलं असतं, आणि दोन्ही काठांवर कुणाला कधी शंकाही आली नसती. ही बाई मुकाट परत गेली असती आणि शेजाऱ्यांकडे दूध मागत जगली असती. लोक्तारीला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त त्याला चेपुसेपाच्या चेहऱ्याची भीती वाटली. तो बराच वेळ तपकीर चिमटीत धरून बसला, ती ओढायचंही त्याला भान राहिलं नाही.

मग तो उठला. गुडघा कटकन वाजला.

“डावीकडे.”

“डावीकडे कोण राहतं?” एलिमने विचारलं.

“मी राहतो.”

एलिमचा हात बंदुकीवर गेला. आसेकोनने त्याच्या मनगटावर फटका मारला. “ठेव ती! सांगतोय ना तो स्वतःच्या तोंडाने? चल गुमान.”

घरापुढे पाहुण्यांची गर्दी होती. रेरिमोई सावलीत मानाने बसला होता, टोपीत शहामृगाचं पीस, मांडीवर बंदूक. चेपुसेपाने अंगाला लोणी चोळलं होतं, गळ्यात नव्या मण्यांच्या माळा होत्या. बापाला पाहून ती धावत आली आणि त्याच्या मागे तुर्काना पाहून जागीच थबकली.

आसेकोन कुंपणापाशी गेली आणि एकदाच म्हणाली, “कबरे!” गाय हंबरली आणि मागचा पाय घासत तिच्याकडे आली.

रेरिमोई उठला. “काका, ही युक्ती तुम्हीच शिकवली होती मला.”

“शिकवली. फुशारकी मारत शिकवली, ती चूक माझी. गाई हिच्या आहेत.”

चेपुसेपाने बापाकडे पाहिलं. “बाबा, काळ्या खडकावरून आलात?”

“हो.”

“तिथे कुणालाच माग दिसत नाही.”

“मला दिसला.”

“नाही दिसला, असं म्हणता आलं असतं.”

“आलं असतं, पोरी. ओठांवर आलं होतं.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तशीच ती वळली, कुंपणाच्या तोंडातली काटेरी फांदी दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली आणि गाई बाहेर काढल्या. हात रक्ताळले तरी कुणाला हात लावू दिला नाही. असली लेक पोटी यायला लोक्तारीने काय केलं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“तू एकच गाय आण,” ती रेरिमोईला म्हणाली. “मरतुकडी आणलीस तरी चालेल. पण तुझी आण.”

रेरिमोईने टोपीतलं पीस उपटलं, बंदूक चेपुसेपाच्या हातात दिली आणि काठी उचलली. “मीच नेल्या, मीच पोचवतो,” तो म्हणाला आणि गाईंच्या पुढे चालू लागला. जिथून गाई पळवल्या तिथेच तो निघाला होता, बंदुकीशिवाय.

लोक्तारी लंगडत मागे निघाला, तसं आसेकोनने त्याला अडवलं. “तू बस. तो गुडघा मला वाटेत उचलावा लागेल. उद्या पाठवते याला, हातपाय शाबूत.”

धूळ खाली बसेपर्यंत बापलेक कुंपणापाशी उभे होते.

“सोडतील त्याला?” चेपुसेपाने विचारलं.

“तिने शब्द दिलाय.”

“तुर्कानाच्या शब्दावर विसंबायचं, बाबा?”

“ती माझ्या शब्दावर इथपर्यंत आलीच की.”

चेपुसेपाने डोळे पुसले आणि बंदूक ठेवायला ती आत गेली.