लांब शिट्टी

करी रोडच्या आमच्या चाळीतल्या गोविंदा पथकाला मी तेवीस वर्षं शिकवतो आहे. पहिला धडा एकच. कोपरात कोपर अडकवायचं, हनुवटी छातीला लावायची आणि माझी लांब शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही. लांब शिट्टी म्हणजे वरचे सगळे उतरले, आता सुटा. पोरं झोपेतसुद्धा त्या शिट्टीवर हात सोडतील, असं मी अभिमानाने सांगायचो.

त्या रविवारी आमचं पथक वडाळ्याला खाडीच्या कडेला उभं होतं, ते अपेक्षामुळे. ती तळाच्या थरातली, वय एकोणीस. मिठागराशेजारी तिची एक खोली आहे. गेल्या जुलैत भरतीचं पाणी तिथे छातीपर्यंत चढलं आणि तिची आई कौसल्या सात तास माळ्यावर अडकून पडली. अपेक्षा तीन वर्षं दर मोठ्या भरतीला दाराच्या चौकटीवर खिळ्याने रेघ मारते आहे. रेघ दरवर्षी वर सरकते. समुद्र चढतोय आणि त्याला अडवणारी तिवरं डंपरवाले राडारोड्याखाली गाडतायत, हे तिने एकदा सरावानंतर पाणी पिता पिता सांगितलं.

पथकातला राजरत्न म्हणाला, "हंडीसाठी उभे राहतो ना आपण? मग हिच्या घरासाठी नाय राहणार?"

तक्रार आधीच गेली होती. अधिकारी अकरा वाजता पंचनाम्याला येणार होते. तिवरांचा जेमतेम चाळीस पावलांचा पट्टा उरला होता. तो तोवर टिकवायचा होता. गाडला गेला तर दाखवायला काही राहणार नव्हतं आणि पुढची भरती थेट कौसल्याच्या खोलीत घुसणार होती.

नऊ वाजता तीन डंपर आले. बावीस मुलं-मुली कच्च्या रस्त्यावर कोपरं अडकवून उभी राहिली. पहिल्या डंपरमधून जयवंत उतरला. हा लालबागचा, पण आमच्याच पथकात वाढलेला. नऊ वर्षांचा असताना मी त्याला सहाव्या थरावर चढवलं होतं. पडला तेव्हा झेललंही होतं. आता भराव टाकायचं काम त्याच्याकडे होतं.

"नाना, बाजूला व्हा. तुमच्यावर हात नाय उचलायचाय मला."

"मग पोरांवर उचलशील?"

"ह्यांच्या बापाची जागा आहे काय?"

"माझ्या आईचं घर आहे मागे," अपेक्षा म्हणाली.

"ए दादा, गाडी वळव," प्रिती ओरडली, "नायतर तुझ्याच टपावर थर लावतो!"

पोरं हसली. जयवंतने मान हलवली आणि मागून सहा जण बांबू घेऊन धावले.

पहिला बांबू गौतमच्या पाठीत बसला. दुसऱ्याने प्रितीचा कान फाटला आणि पथकाच्या पांढऱ्या टी-शर्टवर रक्त सांडलं. पण साखळी हलली नाही. त्या खांद्यांनी पाच-पाच थर पेललेले होते. मी एकाचा बांबू धरला, तर त्याने कोपराने माझे दोन दात पाडले.

जयवंत बाजूला उभा राहून बघत होता. मग त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. लांब, शेवटी हळूहळू खाली येणारी. अगदी माझी.

बावीस जणांचे हात एकदम सुटले.

पहिला डंपर भराव ओतायला वळून रिव्हर्समध्ये साखळीकडे येतच होता. मधोमध उभ्या राजरत्नने सवयीने मान वर केली, वरचे उतरले का बघायला. चाकाने त्याला खाली ओढलं. गुडघ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला. घाबरून ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली आणि चाक त्याच पायावरून पुन्हा गेलं. अपेक्षा त्याला बखोटीला धरून ओढत होती. बांबू तिच्या डाव्या मनगटावर उतरला आणि हात भलतीकडेच वळला.

गौतमने राडारोड्यातला लोखंडी गज उचलला आणि बांबूवाल्याच्या जबड्यावर हाणला. माणूस आडवा झाला. गौतमने गज पुन्हा डोक्याच्या वर नेला. या वेळी नेम कवटीवर होता.

माझी शिट्टी गळ्यात होती. ती मी ओठाला लावली आणि तशीच काढली. तिने काय होतं ते नुकतंच पाहिलं होतं. मी तोंडातलं रक्त थुंकलो आणि ओरडलो, "गौतम! टाक तो! अपेक्षाला धर!"

त्याने गजाकडे पाहिलं. टाकला.

"प्रिती, धर! आकांक्षा, धर! दीपिका, तू इकडे!"

एकेका नावाला एकेक कोपर अडकत गेलं. डंपर आणि राजरत्न यांच्यामध्ये साखळी पुन्हा उभी राहिली. जयवंतने परत लांब शिट्टी मारली. खांदे दचकले. पुन्हा मारली, पुन्हा मारली, चेहरा लाल होईपर्यंत. कुणी सोडलं नाही. मग बांबू परत सुरू झाले. दोन डोकी फुटली, एकाच्या गळपट्टीचं हाड मोडलं. मी नुसती नावं घेत राहिलो.

शेवटी ड्रायव्हर खाली उतरला. त्याने टायरवरचं रक्त पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "मैं नहीं चलाएगा." मागच्या दोघांनीही इंजिनं बंद केली. कौसल्याने टॅक्सी आणली आणि राजरत्नचं डोकं मांडीवर घेऊन इस्पितळात गेली.

अधिकारी साडेअकराला आले, सोबत पोलीस. हवालदाराने शिट्टी फुंकली. "चला, सोडा! सुटा आता!"

एकही हात हलला नाही. हवालदार माझ्याकडे बघायला लागला. जयवंतला जीपमध्ये बसवत होते, त्याने मात्र बघितलं नाही.

मी नावं घेतली. ज्याचं नाव घेतलं तो सुटला आणि तिथेच चिखलात बसला. गौतमही बसला. शेवटी अपेक्षा उरली. डावा हात लोंबत होता, उजवं कोपर तसंच वाकलेलं.

"अपेक्षा, सोड गं."

"पंचनामा लिहिला?"

कारकून जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिवरं मोजत होता. "लिहितायत," मी म्हणालो.

"सही झाली की सांगा."

मी गौतमच्या जागी जाऊन उभा राहिलो, तिच्या कोपरात माझं कोपर अडकवलं आणि हनुवटी छातीला लावली.