सहा महिन्यांची गाडी

घरातून निघतानाच कुद्रतने आईला बजावून ठेवलं होतं. "मी मान हलवीपर्यंत हात वर करू नका, ओयी. तुमचं आमीन झालं की मला एक सोमसुद्धा कमी करता येणार नाही."

रिसोलातला हे नवीन नव्हतं. गाय असो, गालिचा असो की गाडी, भाव जमला की तिथल्या सगळ्यांत वयस्क माणसाने तळवे उघडून दुआ म्हणायची, बाकीच्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवायचे, आणि सौदा पक्का. मग जो मागे फिरेल त्याला पुढल्या रविवारी बाजारात कोणी चहाचा पियालाही पुढे करत नसे. तिला आनंद झाला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तिच्या एकाहत्तराव्या वर्षी मुलगा आपणहून म्हणाला होता, की ओयी, तुम्ही बरोबर चला. तिने इस्त्रीचा पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि नवऱ्याच्या टेबलाच्या खणातलं जुनं चुंबक शोधून कोटाच्या खिशात टाकलं. कोण्या रेडिओच्या कर्ण्यातून काढलेला तो काळा तुकडा होता. नुरिद्दीन गाडी बघायला जाताना तो कधी विसरला नव्हता.

नुरिद्दीनला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची पांढरी गाडी अंगणातल्या बिहीच्या झाडाखाली एकेचाळीस वर्षं उभी राहिली, आणि गेल्याच महिन्यात कुद्रतने ती विकून नव्या गाडीसाठी कारखान्याकडे पैसे भरले. नंबर सहा महिन्यांनी लागणार होता. तोवर कोकंद, फरगाना अशा फेऱ्या मारायला, दुकानातली कापडाची ठाणं न्यायला काहीतरी चार चाकांचं हवं होतं. "काहीही चालेल," तो म्हणत होता. "सहा महिने ओढायची आणि फेकून द्यायची. त्या खटाऱ्याशी मला काय लग्न लावायचंय?"

बाजार शहराबाहेर, कापसाच्या शेतांना लागून भरायचा. कार्तिकातली थंडी होती. पहिली गाडी हिरवी होती. मालकाने दार उघडलं आणि आतून मेंढीच्या चरबीचा जुना, खवट वास अंगावर आला. पाठीमागच्या बैठकीवर कुठलंसं सतरंजीवजा कापड टाकलं होतं, त्याच्याखाली काय वाळलं होतं ते तिने पाहिलं नाही. मालक कसाई होता, आणि तोंडाने म्हणत होता की गाडी बायकोची आहे, तीही फक्त माहेरी जायची. दुसरी गाडी लांबूनच आरशासारखी चमकत होती. रिसोलातने खिशातलं चुंबक काढून चाकावरच्या पत्र्याला लावलं. ते सरळ खाली पडलं. पत्रा नव्हताच तिथे, लांबीचा लगदा भरून वरून रंग दिला होता. बोटाने दाबलं तर नखाचा ठसा उमटला. विकणारा पोरगा हसला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही गाडी घेताय की शाळा तपासताय?"

रिसोलातने पस्तीस वर्षं शाळाच तपासली होती. तिने पडलेलं चुंबक उचललं, पदरासारखं लोंबणारं रुमालाचं टोक नीट केलं आणि पुढे चालू लागली. पण तिला उबग आला होता. जिकडेतिकडे कुणीतरी काहीतरी झाकत होतं, आणि जो झाकत होता तोच छातीवर हात ठेवून शपथ घेत होता.

पूर्वी लोक खोटं बोलत नव्हते असं तिचं म्हणणं नव्हतं. तिची स्मरणशक्ती तेवढी वाईट नव्हती. पण तिला नुरिद्दीनची मोटरसायकल आठवली. त्यांनीही गाडीसाठी नंबर लावला होता, चौऱ्याहत्तर साली, आणि तो लागायला आठ वर्षं गेली. तेवढ्यापुरती म्हणून नुरिद्दीनने एका तातार कंपाउंडरकडून बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल आणली. त्या डब्यात बसून रिसोलात सगळ्या लग्नकार्यांना गेली. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला कुद्रत असायचा आणि वाऱ्याने दोघांचेही डोळे पाणावायचे. नुरिद्दीन दर शुक्रवारी ती धुवायचा. शेजारी हसत, की पाहुणीची एवढी बडदास्त कशाला? आणि गाडी आल्यावर मोटरसायकल विकायची वेळ आली तेव्हा त्याने शाळेच्या वहीचं पान फाडून तिचे सगळे दोष ओळीने लिहिले आणि ते पान घेणाऱ्याच्या हातात दिलं. नऊ दोष होते. घेणाऱ्याने ते वाचले आणि तरीही घेतली. कुद्रत तेव्हा चार वर्षांचा होता, अंगणातच खेळत होता. त्याच्या लक्षात असेल असं तिला का वाटत आलं, कुणास ठाऊक.

तिसरी गाडी बाजाराच्या अगदी कडेला उभी होती. राखाडी, चौकोनी, नुरिद्दीनच्या गाडीहून चार-पाच वर्षांनी लहान. शेजारी एक म्हातारा घडीच्या स्टुलावर बसला होता. एका डोळ्यात पांढरा पडदा आला होता, दुसराही फारसा कामाचा दिसत नव्हता. त्याचं नाव एगामबेर्दी, गाव याझ्यावान. पुतण्याने सकाळी गाडी इथे आणून लावली आणि तो सामसे खायला गेला तो गेलाच, असं त्याने सांगितलं. मग कुणी विचारायच्या आत त्याने सांगायला सुरुवात केली. थंडीत दुसरा गिअर अडतो, थोडं थांबून टाकायचा. मागचं डावं दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. हीटरवर भरवसा ठेवू नका. "बाकी इंजिन मात्र माझ्या तब्येतीपेक्षा बरं आहे," तो म्हणाला.

रिसोलात ऐकत राहिली. तिने चुंबक लावून पाहिलं, चारही बाजूंनी ते टपकन चिकटलं.

किती, म्हणून कुद्रतने विचारलं. दहा हजारी नोटांच्या सव्वीस गड्ड्या, एगामबेर्दी म्हणाला. मग थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा रिसोलातकडे वळून म्हणाला, "जास्त नाही मागत, ओपा. दुधाची गाय घ्यायचीय, तिचा भाव तेवढा सांगितलाय. गाडी मला आता दिसत नाही. गाय निदान हाताला तरी कळते."

त्याने आत बसून किल्ली फिरवली. इंजिन लागलीच सुरू झालं. रिसोलातने मान तिरकी केली. नुरिद्दीनने तिला ऐकायला शिकवलं होतं, तो म्हणायचा की आत चार सिलिंडर म्हणजे चार भाऊ आहेत, एक जरी रुसला तरी घर हलतं. इथे चारही भाऊ एका सुरात बोलत होते. तिने मुलाकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, की हीच घे.

कुद्रतने गाडी बंद करायला लावली. तेल बघतो म्हणून इंजिनावरचं झाकण वर केलं आणि आत वाकला. एगामबेर्दी स्टिअरिंगमागे होता, त्याच्यापुढे झाकणाची भिंत उभी. रिसोलात मात्र बाजूला उभी होती. तिने पाहिलं. एका हाताने तेलाची सळई ओढून तो ती फडक्याला पुसत होता, आणि फडक्याखालून दुसऱ्या हाताची दोन बोटं पुढे गेली. तिसऱ्या प्लगवरची वायर त्याने अशी अलगद उपसून ढिली सोडली, जसा कुणी दुसऱ्याच्या झाडावरचा जर्दाळू तोडतो. झाकण खाली आलं.

"पुन्हा चालू करा, अका."

गाडी थरथरायला लागली. इंजिन धापा टाकत होतं, मागे धुराचे गोळे निघत होते. एगामबेर्दीने बंद केली, पुन्हा लावली. तेच. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सकाळी याझ्यावानहून आलो तेव्हा चांगली होती, आत्तासुद्धा चांगली होती, असं तो म्हणाला, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, की आपल्याला आता ऐकूही येईनासं झालं की काय.

सकाळपासून रिसोलातने चरबीचा वास सहन केला होता, लांबीचा पत्रा सहन केला होता. ते परक्यांचं होतं.

तोवर दलाल आला. अशा वेळी ते आपोआप येतात. जिभेखाली तंबाखूची हिरवी गोळी, ओठांच्या कडांना हिरवा फेस. त्याने बाजूला थुंकून एका हाताने कुद्रतचा पंजा धरला, दुसऱ्याने म्हाताऱ्याचा, दोन्ही एकमेकांत दिले आणि पंप हापसावा तसे वरखाली हापसायला लागला. बरकत दे, बरकत घे. चार माणसं जमली. कुद्रत सोळापासून वर सरकेना. इंजिन मेलंय, मी भंगार घेतोय, म्हणत होता. म्हातारी आई आहे, थंडीत बसने जाते, तिच्याकडे बघून तरी सोडा, असंही म्हणाला.

तेव्हा रिसोलातला कळलं, आपल्याला बरोबर कशाला आणलं ते. पांढरा रुमाल आणि सुरकुत्या. बाजारात फिरवायला आणलेलं एक सामान.

एगामबेर्दी भाव करतच नव्हता. तो शरमला होता. "मी इंजिन चांगलं आहे म्हणालो होतो," तो म्हणाला. "तोंडाने म्हणालो. मग सव्वीस कसे मागू? तुम्ही म्हणाल ते."

दलालाला जोर आला. "ऐका, ऐका! मघाशी अका सव्वीस म्हणत होते! अशा गाडीचे सव्वीस!" त्याने जमलेल्यांकडे बघून डोळा मिचकावला. "कोण देतो सव्वीस?"

"सव्वीस," रिसोलात म्हणाली. तिने दोन्ही तळवे उघडून वर धरले. "घेणाऱ्याला गाडी लाभो, देणाऱ्याच्या घरी दूध येवो. आमीन."

हे असं झालं, की कुणाला विचार करायला सवड मिळाली नाही. जन्मभराची सवय असते. वृद्ध बाईचे तळवे वर गेले की माणसांचे हात आपोआप उठतात. जमलेल्या चौघांचे उठले. दलालाचे उठले. आणि कुद्रतचेही उठले, त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मग तो तसाच, हनुवटीवर बोटं ठेवून उभा राहिला. गालावर तेलाचा काळा पट्टा उमटला होता.

"आमीन," दलाल म्हणाला. त्याच्या धंद्यात आमीन झाल्यावर वाद घालत नसत.

पण म्हातारा वाद घालायला लागला. ओपा, गाडी बिघडली आहे, तुम्हाला कळलेलं दिसत नाही, मी हे पैसे घेऊ शकत नाही. त्याने किल्ली मागे घेतली. रिसोलातने वाकून खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. ती हळू बोलली, पण शाळेतल्या बाईंचं हळू बोलणं मागच्या बाकापर्यंत जातं.

"तुमचे कान शाबूत आहेत, अका. कुद्रत, झाकण उघड. कुठली ते तुला ठाऊक आहे."

कुद्रत जागचा हलेना. मग हलला. त्याने झाकण उघडलं आणि त्याला काही शोधावं लागलं नाही. हात सरळ तिसऱ्या वायरवर गेला. टक् असा आवाज झाला. एगामबेर्दीने किल्ली फिरवली आणि चारही भाऊ एका सुरात बोलायला लागले.

म्हातारा बराच वेळ नुसता ऐकत बसला. जमलेली माणसं पायांकडे बघत पांगली. मग तो उतरला, पैसे घेतले, कमरेच्या फडक्यात बांधले. कुद्रतने पुढे केलेला हात त्याने पाहिला नाही. कदाचित खरंच दिसला नसेल. रिसोलातकडे वळून मात्र त्याने छातीवर हात ठेवला आणि मान लववली. "दुसरा गिअर, ओपा," तो म्हणाला. "थोडं थांबून."

ती पाठीमागे बसली, डावीकडे. कापसाच्या काटक्यांची शेतं मागे पडली. मग कुद्रतचं तोंड सुटलं. दहा गड्ड्या पाण्यात घातल्यात. चारचौघांत माझं नाक कापलंत. सहा महिन्यांच्या गाडीसाठी. सगळा बाजार हेच करतो, ओयी, तुम्ही कुठल्या जगात राहता?

"वडिलांची गाडी विकलीस," ती म्हणाली, "त्या माणसाला काय सांगितलंस?"

"काय सांगायचं असतं?"

"तिच्या ब्रेकचं सांगितलंस? उतारावर दोनदा दाबावा लागतो ते?"

कुद्रतने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली. "त्याने विचारलं नाही," तो म्हणाला.

"गाडी थांबव."

त्याने थांबवली. ती उतरायला गेली, पण ते दार आतून उघडणारं नव्हतं. ती हातपाय आवरून बसून राहिली. शेवटी त्यालाच उतरून, वळसा घालून यावं लागलं. त्याने दार उघडलं आणि आधाराला म्हणून तिचा तळवा हातात घेतला. त्याची बोटं अजून काळी, चिकट होती.

"बसा ना, ओयी," तो म्हणाला. "लोक बघताहेत."

तिने आपला हात सोडवून घेतला आणि चालू लागली. मागे गाडी थोडा वेळ उभी होती. मग दुसरा गिअर करकरला, टाकताना तो थांबला नव्हता, आणि गाडी निघून गेली.

रस्त्याच्या कडेने पाण्याचा पाट वाहत होता. चिनाराची पानं तरंगत होती. ती पाटाच्या काठावर बसली आणि तळवा पाण्यात धरला. आमीनसाठी जो तळवा वर धरला होता, बरोबर त्याच्यावर बोटांचे तीन काळे ठसे उठले होते. गार पाण्याने तेल निघत नाही, हे तिला नुरिद्दीनचे हात बघून चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्याला गरम पाणी लागतं आणि खरखरीत साबण. तरी ती चोळत राहिली.