पहिली मेढ

उदेसिंग मुकादमाने चहाची बशी तोंडाला लावली, तेवढ्यात रिबेकाने त्याच्यापुढच्या खाटेवर दोन फडकी पसरली. दोन्ही एकाच पांढऱ्या साडीची. एक जरासं धुळकट. दुसरं असं काळवंडलेलं की चुलीजवळच्या मसोत्यानेही लाजावं.

"हाई काय शे, रिबेकाबाई? धुनं दखाडाले बलायं का माले?" मुकादम हसला. अंगणात जमलेली टोळीही हसली.

"हासा. पन आयकी ल्या," रिबेका म्हणाली. घरात ती मावची बोलायची, मुकादमाशी मात्र बाजारातली अहिराणी. "औंदा आम्हनी टोळी बत्तीजोडे उतराव नही. नहेरवर उतरी."

मुकादमाचं हसू बशीतच राहिलं.

तो म्हसावदकडचा. दर दिवाळीनंतर नवापूरच्या डोंगरकडेच्या या गावात यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे बावीस कोयते वहीत लिहायचा आणि टोळी गुजरातेत ऊसतोडीला न्यायचा. तिथे ऊस आणि तेलाच्या विहिरी शेजारीशेजारी. तेलाबरोबर वर येणारा नको असलेला गॅस एका उंच नळीच्या टोकाला रात्रंदिवस जाळत ठेवतात. टोळीतले सगळे तिला बत्ती म्हणत. त्या बत्तीपासून हाकेच्या अंतरावर सात वर्षं त्यांच्या झोपड्या पडत होत्या. नहर, म्हणजे कालवा, तिथून बराच लांब.

आणि ती जागा निवडली कुणी? दुसरं कोण, रिबेकाच्याच नवऱ्याने, योहानने! तेव्हा त्याचं केवढं नाव झालं होतं. दिव्याला तेल नको, थंडीत शेकोटी नको, सापविंचू लांबून दिसतो, बायका अंधार पडल्यावरही निर्धास्त बाहेर जातात. फुकट ते पौष्टिक! "माझ्या भावाने देवाची चूल शोधली," असं त्याची विधवा बहीण कमलीबाई गावभर सांगत सुटली होती. तेव्हापासून पडाव पडला की पहिली मेढ, म्हणजे झोपडीचा पहिला खांब, योहाननेच रोवायची. बांबू त्याच्याच परसातला, गावाहून ट्रकमधून नेलेला.

भाकरी थापली की तिच्यावर तीळ पेरल्यासारखे काळे कण बसायचे. लोक फुंकर मारायचे आणि खायचे. पोट भरतंय ना, मग काय!

पुढे योहान खोकायला लागला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, गाणं म्हणत फळीवरून ट्रकवर चढणारा गडी. विहिरीवरून घरी येताना दोनदा बसायला लागला. तीनदा थुंकी तपासली. क्षय निघाला नाही. गेल्या नाताळात दोघं सुट्टीला घरी आली, तेव्हा रिबेकाने त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं. नवी डॉक्टरीण होती.

"बिडी ओढतात?"

"आयुष्यात नाही."

"मग राहता कुठे? सांगा बरं नीट."

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. रिबेकाने बत्तीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ताई, डोळ्यांना दिसते ती काजळी बरीचशी नाकात अडते. दिसत नाही ती छातीत उतरते. तिथे झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. यांना आता तिथे नेऊ नका."

योहान घरी राहिला. उरलेला हंगाम पुरा करायला रिबेका एकटी परत गेली, ती मनाशी एक गोष्ट ठरवून. लग्नातली पांढरी साडी तिने सोबत नेली होती. चर्चमध्ये योहानशेजारी उभी राहिली होती ती हीच साडी नेसून. ती फाडताना तिला रडू आलं, पण हात थांबला नाही. एक तुकडा स्वतःच्या झोपडीच्या दोरीवर बांधला, दुसरा दोन कोस लांब नहरावर उतरलेल्या टोळीतल्या रेवाबाईला दिला. "सात दिवस धुवू नकोस," म्हणाली. तीच दोन फडकी आज खाटेवर होती.

"ऊसनं पाचट जाळतस, चुली पेटतस, तेन्हीच काजळी शे हाई," मुकादम म्हणाला. "बत्तीले कसाले नाव ठेवस तू?"

"नहेरवरबी तेच पाचट, त्याच चुली. साडीबी एकच. हाई सात दिन बत्तीजोडे व्हतं, अनी हाई नहेरवर."

हातच्या काकणाला आरसा कशाला! मुकादमाने दोन्ही फडकी उलटीपालटी करून पाहिली. पण टोळी गप्प बसेना. एरवी गरीब गाय असलेला जान्या उठला.

"नहरावर काळोख. साप चावला तर कोण जबाबदार? आणि तू अटी घालणारी कोण, रिबेका? तुझा तर कोयताच मोडलाय. योहान येतोय का यंदा?"

हे वर्मी बसलं. आपल्या माणसाचं असं चारचौघांत उणं निघालेलं तिला सहन झालं नाही. तेवढ्यात दाराची कडी वाजली. चौकटीला धरून योहान उभा होता.

"जान्या," तो म्हणाला आणि थांबला. श्वास घेतला. "ती जागा... मी दाखवली. तुम्ही मला खांद्यावर घेतलं." पुन्हा थांबला. "मी उजेड पाहिला. वारा... पाहिला नाही. चुकलो. तुम्ही... चुकू नका."

एवढं बोलायला त्याला एक चहा पिऊन होईल इतका वेळ लागला. जान्याची नजर खाली गेली.

कमलीबाई पदर खोचून पुढे आली. "मुकादमभाऊ, वही काढ. रिबेका अनी कमलीबाई, एक कोयता. नहेर."

जान्याने कान खाजवला. त्याची बायको त्याच्याकडे पाहतच होती. "मनंबी लिख," तो पुटपुटला. "नहेरवर." मग दुसरा. मग तिसरा. मुकादमाने बावीसही कोयत्यांची तोंडं न्याहाळली आणि निमूट पेन काढलं.

"लिखस, बाई. नहेर ते नहेर. तठला मालकले मी सांगसू."

ट्रक आला त्या सकाळी योहान परसातून बांबू घेऊन निघाला. एकच बांबू, पण तो तोडून, सोलून, टोक करायला त्याला चार दिवस लागले होते. शेंड्याला ते कमी मळलेलं फडकं बांधलं होतं. परसापासून ट्रकपर्यंत साठएक पावलं. पहिल्यांदा तो तुळशीएवढ्या लिंबाच्या रोपापाशी थांबला, मग कुंपणापाशी, मग रस्त्यातच. ट्रकवर भांडीकुंडी, कोंबड्या, माणसं सगळं चढून झालेलं. जान्याने खाली उडी मारली, तशी रिबेकाने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. त्याला आणू दे."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळा ट्रक बघत होता. पाचव्यांदा थांबून योहान पोचला आणि बांबू त्याने स्वतःच्या हाताने आत सरकवला. रिबेकाचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशिवाय पडाव टाकायला निघाली होती.

"मेढ तूच रोव," तो म्हणाला. "आधी... वारा बघ."

"बघते."

तो वळला. परतीची तीच साठ पावलं. तो ओट्यावर पोचून, बसून, हात वर करेपर्यंत ड्रायव्हरने ट्रक चालू केला नाही.