शून्य घर्षण

टेबलावरची ती पत्र्याची वाटी, चाचणीसाठी गोल चकतीतून ओढून काढलेली, काठाला कानांसारखे चार उंचवटे, चार कान फुटलेली, गार्थ बोटाने फिरवत होता. कान फुटायचेच. पत्रा सगळ्या बाजूंनी सारखा ओढला जात नाही, माणसं तरी कुठे... जाऊ दे. संगणकाच्या पडद्यावर गाडीच्या मागच्या चाकावरचा पत्रा पुन्हा एकदा वळत होता, हिरवा, हिरवा — आणि कोपऱ्यात तो मेला लाल ठिपका.

लाल म्हणजे पत्रा फाटणार. परदेशात तो तापवून वळवतात. इथे, जिलॉंगच्या या शेडमध्ये, भट्टी नाही. गार पत्रा वळला नाही तर काम तिकडे जाणार आणि शेडला टाळं लागणार. त्याच्या बायकोचा, झेन्काचा, भाऊ आन्ते इथे पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होता. गार्थला इथे चिकटवलाही त्यानेच... आमचे दाजी पत्र्याला हात न लावता पत्रा वळवतात, असं तो साऱ्या शेडला सांगायचा.

दुपारी खिम्याचा पॅटिस खात आन्ते दारात आला.

"काय दाजी, काय म्हणतंय तुमचं पडद्यावरचं भूत?"

"चालू आहे अजून."

"सकाळपासून? आमची प्रेस एवढी रेंगाळली असती तर तुम्हीच बोंब मारली असती." तो हसला. मग निघता निघता म्हणाला, "ताईला एवढ्यात शेडच्या टाळ्याचं काही बोलू नका हं. आईच्या कानावर जायला वेळ लागत नाही."

चालू कुठलं? केव्हाच संपलं होतं. कोपऱ्याची गोलाई वाढवून झाली, दाब उतरवून झाला. उरला होता घर्षणाचा आकडा, साच्यावर पत्रा किती सहज घसरतो तो. या धंद्यातला जो तो त्याच्याशी गुपचूप थोडं खेळतो. मी काय वेगळं करतोय? त्याने आकडा कमी केला. लाल. आणखी कमी. लाल. शेवटी शून्य... एवढं बुळबुळीत तेल देवाच्या घरीही नसेल. घसर की रे बाबा, तो पुटपुटला. पत्रा घसरला, छान वळला, आणि कोपऱ्यात फाटला.

म्हणजे दोष तेलाचा नव्हता, प्रेसचा नव्हता, आन्तेचा तर नव्हताच. गार पत्रा तेवढा ताणलाच जात नव्हता. कुणावर चिडायची सोयच राहिली नाही. त्याला एकदम शांत वाटलं, आणि त्या शांततेचीच भीती वाटली.

प्रेसचे ठोके पुन्हा सुरू झाले, वाटी टेबलावर किणकिणू लागली. काचेपलीकडून आन्तेने भुवया उडवून विचारलं — काय झालं? गार्थने हवेत बोट गोल फिरवलं. चालू आहे. मग निदान तेवढं तरी खोटं ठरू नये म्हणून त्याने तेच आकडे पुन्हा भरले, गणित सुरू केलं, आणि पसरत जाणारा हिरवा रंग बघत बसला. आशा नव्हती. कोपरा येईपर्यंतचा वेळ तेवढा हवा होता.