डोरिस नावाची तलवार

लेलंडने डोरिस कर्टच्या हाती दिली आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. डोरिस म्हणजे तलवार, तीही कागदावरची. डुलूथ शहरातल्या त्याच्या घराच्या तळघरात दर रविवारी दुपारी खेळ जमायचा. राक्षसांनी भरलेला एक कल्पित मुलूख लेलंडने रचायचा आणि बाकीच्यांनी फासे टाकत त्यातून जीव वाचवत फिरायचं. बाकीचे म्हणजे बर्फ उपसण्याचा ट्रक चालवणारा कर्ट, शाळेच्या ग्रंथालयातली मार्लिस, आणि मुख्यतः खायला येणारे हाकाला बंधू.

नाताळात दोन पेले जास्त झाले आणि लेलंडने कर्टच्या बुटक्या योद्ध्याला काहीही कापणारी तलवार बहाल केली. कर्टने तिला सासूचं नाव दिलं, कारण तिथेही एका घावात काम तमाम होतं. तेव्हापासून राक्षस यायचा, कर्ट डोरिस उपसायचा, राक्षस पडायचा. बाकीच्यांना टाळ्या वाजवण्याखेरीज काम उरलं नाही.

गुरुवारी मार्लिसचा फोन आला. सात रविवारांत आपण दोनदाच फासा टाकला, त्यातला एक सूप गरम आहे का हे बघायला, असं तिने शांतपणे सांगितलं. बाकी वेळ ती विणकाम करत होती. आणखी एक रविवार असाच गेला तर ती घरीच विणणार होती. मार्लिस कधी आवाज चढवत नाही, म्हणूनच लेलंडने ते फार मनावर घेतलं.

तलवार सरळ काढून घ्यावी, तर तो उद्योग त्याने एकदा केला होता. सहा वर्षांपूर्वी त्याने मेहुण्याचं, डेनिसचं, धनुष्य एका ड्रॅगनला गिळायला लावलं. ना विचारणं, ना फासा. डेनिसने कोट उचलला आणि गेला. त्याच्यामागे सगळाच डाव मोडला. अजूनही थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात डेनिस लेलंडपुढचे बटाटे तिसऱ्याच माणसाकडून मागवतो. लेलंड हिवाळाभर पोरांच्या हॉकीत पंच असतो, आणि आपणच अन्याय केला हे त्याला फार लागलं. त्याने नियम लिहून फ्रिजवर चिकटवला: वस्तू मोडायची तर मालकाला तीनदा बजावायचं, निर्णय मालकाचा, आणि फासाही मालकाच्याच हातचा.

म्हणून या रविवारी त्याने खाणीत एक किडा बसवला. वासराएवढा, लोखंड खाणारा. आधी इशारे दिले. गावात दारांच्या बिजागऱ्या गायब होत्या. लोहार हातोड्याचा नुसता दांडा हातात धरून रडत होता. खाणीच्या तोंडावर चिलखताची फक्त चामडी अस्तरं पडली होती.

कर्टने सगळं मन लावून ऐकलं, आणि तिथेच घोडं अडलं. त्याने तलवार, चिलखत, शिरस्त्राण, पट्ट्याचं बक्कलसुद्धा काढलं, ब्लँकेटमध्ये गुंडाळून एका गुहेत लपवलं. त्याचा योद्धा लांब अंतर्वस्त्रांत खाणीत शिरला, हातात गोठलेला मासा घेऊन. मागून हाकाला बंधू: एकाच्या हाती लाकडी पळी, दुसऱ्याच्या हाती स्वतःची पँट, कारण पट्टा गुहेत राहिला होता.

लेलंडची आठवडाभराची हुशारी पाण्यात गेली. कर्टने किड्याला मासा हाणला, मासा मोडला. मग सगळ्यांनी मार्लिसकडे पाहिलं. तिने सुया खाली ठेवल्या आणि विचारलं, खाण आहे म्हणजे जुने रूळही असतील ना? हे लेलंडच्या डोक्यातच आलं नव्हतं, पण असणारच. मार्लिसच्या मांत्रिकिणीने लाकडी पाचर लावून रुळांचे खिळे उपटले आणि अंगाई म्हणत किड्याला एकेक भरवला. वीस बाजूंच्या फाशावर अठरा पडले. किड्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं. थोरल्या हाकालाने हातातलं ताट खाली ठेवलं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

खाणीबाहेर हिमवादळ सुटलं होतं. सगळे गुहेकडे परतले, मागून किडाही आला. त्याला बाहेरच बांधावं, असं मार्लिसचं म्हणणं पडलं. कर्टला ते पटेना. रस्त्यात अडकलेल्या अनोळखी गाड्या ओढून काढण्यात त्याचे हिवाळे जातात. डुलूथमध्ये असल्या थंडीत कुणालाच दाराबाहेर ठेवत नाहीत, सहा पायांचा असला तरी.

"कर्ट, तो भुकेला आहे," लेलंड म्हणाला.

"म्हणूनच आत घे म्हणतोय."

"आत डोरिस आहे."

"ब्लँकेटमध्ये आहे ती."

"वास ब्लँकेटमधूनही येतो. नक्की घेऊ आत?"

"गारठून मरेल रे तो. घे."

तीनदा झालं. लेलंडने फासा त्याच्याकडे सरकवला. "तूच टाक. पाचच्या वर पडलं तर तो गप झोपेल."

दोन पडले.

सकाळी ब्लँकेट शाबूत होतं, आत फक्त लाकडी मूठ होती आणि किड्याला नवी झळाळी आली होती, असं लेलंडने हळू आवाजात सांगितलं. कर्ट उठला. खुंटीवरच्या कोटाकडे त्याची नजर गेली आणि लेलंडला खरोखर रडू येईलसं वाटलं.

कर्ट फ्रिजपाशी गेला. ओळींखाली बोट फिरवत त्याने सगळा कागद वाचला.

"तीनदा विचारलंस," तो म्हणाला.

"तीनदा."

तो परत येऊन बसला, रबर घेतलं आणि स्वतःच्या हाताने डोरिस खोडली. कण फुंकून टाकले.

"पाणी पाज त्याला," तो म्हणाला. "डोरिस पचायला जड आहे."

धाकटा हाकाला हसताना ठसकला. कर्टने नकाशा मार्लिसपुढे सरकवला. "माझ्याकडे आता अर्धा मासा आहे. कुठं जायचं ते तू सांग."

मार्लिसने चष्मा लावला, नकाशा नीट पाहिला आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका बेटावर बोट ठेवलं. तिथे काय आहे, हे लेलंडने अजून ठरवलंच नव्हतं.