हार्लनची चिठ्ठी

आर्डिस टॉलेफसनने जन्मभर घर लख्ख ठेवलं आणि शेवटी त्या टापटिपीनेच तिचा घात केला. नवरा हार्लन जानेवारीत गेला. नोव्हेंबरात त्याने मारलेल्या शेवटच्या हरणाचं मुंडकं फ्रीझरमध्ये तसंच पडून होतं. मार्चमध्ये तिने ते ड्वाइट कुबियाककडे न्यायचं ठरवलं. ड्वाइट मुंडकी भरून भिंतीवर लावायजोगी करून देई. पण असली घाणेरडी वस्तू कुणाच्या दारात कशी न्यायची? म्हणून तिने शिंगं पुसली आणि त्यांना तारेने बांधलेला, रक्ताने माखलेला कागदी टॅग कापून शेगडीत टाकला.

शेजारच्या ऑरिनने तिला आपल्या पिकअपमधून नेलं. ड्वाइटने आधी शिंगांच्या बुडाशी बोट फिरवलं.

"टॅग कुठाय, बाई?"

तिने खरं ते सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मुंडकं भरून तयार होईपर्यंत टॅग शिंगांवर हवा, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. टॅग ही परवान्याने केलेल्या शिकारीची खूण. तो नाही म्हणजे चोरटी शिकार, आणि शिकारीवर देखरेख करणारी सरकारी वॉर्डन आली की जप्ती. एक्केचाळीस वर्षं शिकाऱ्याच्या घरात काढूनही आर्डिसला हे ठाऊक नव्हतं, कारण टॅग हे हार्लनचं खातं होतं.

लायसन्सवर टॅगचा नंबर असेल, असं ड्वाइट म्हणाला. होता की! ते लायसन्स हार्लनच्या नारिंगी कोटाच्या खिशात होतं आणि तो कोट घालूनच त्याला पुरलं होतं. तोही आर्डिसच्याच हट्टाने.

ड्वाइट सरळ माणूस. लपवाछपवी त्याला जमत नसे. त्याने स्वतःच वॉर्डनला फोन लावला. रेने पेल्की अर्ध्या तासात आली, सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली की ऑफिसातली नोंद नंबरावरूनच सापडते, नंबर नसेल तर मुंडकं न्यावंच लागेल. आर्डिसला हुंदका आवरेना. त्या दिवशी हार्लनला धड चालवत नव्हतं, उपड्या बादलीवर बसून त्याने ते हरीण मारलं होतं, हे ती पुन्हापुन्हा सांगत राहिली.

इतका वेळ टोपी हातात घेऊन उभा असलेला ऑरिन खाकरला.

"माझ्या फ्रीझरमध्ये त्याच हरणाचं एक पुडकं आहे," तो म्हणाला आणि निघाला.

वीस मिनिटांत तो मांसाचं गोठलेलं पुडकं घेऊन आला. त्यावर हार्लनच्या कोरीव अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. नाव, टॅगचा नंबर, तारीख, सही. शिकारीचं मांस दुसऱ्याला द्यायचं तर अशी चिठ्ठी लागते. बाकीचे लोक कुंपणावरून नुसतंच पुडकं पुढे करत. हार्लन मात्र दर पुडक्याला चिठ्ठी लावी. "मांस देतोयस की जमीन विकतोयस?" म्हणून आर्डिसने त्याला वर्षानुवर्षं छेडलं होतं.

रेनेने ऑफिसात फोन करून नंबर ताडून पाहिला. जुळला. मग तिने ऑरिनला विचारलं, "एवढे दिवस खाल्लं कसं नाही हे?"

"शेवटचं होतं," ऑरिन बुटांकडे बघत म्हणाला. "संपवायला हात होईना."

रेनेने नवा टॅग लिहून शिंगाला बांधला. आर्डिसने तिघांचेही हात धरून आभार मानले आणि गाडीत बसल्यावर चौथ्याचे. "हसले रे तुझ्या चिठ्ठ्यांना," ती काचेतून बाहेर बघत म्हणाली. "तुझे फार उपकार झाले."

ऑक्टोबरात मुंडकं तयार झालं. आता टॅग काढला तरी चालतो, असं सांगत ड्वाइटने कात्री उचलली. "राहू दे," आर्डिस म्हणाली. "एकदा कापून झालाय."

मुंडकं भिंतीवर चढलं त्या दिवशी ऑरिन ते पुडकं घेऊन आला. तिने त्याचा बटाटे-कांदा घालून रस्सा केला. दोघं पोटभर जेवली तरी थोडा उरला. ऑरिन निघाला तेव्हा तिने त्याच्या हातात डबा दिला. झाकणावर चिठ्ठी होती. नाव, शिंगावरचा नंबर, तारीख, सही.

ऑरिनने ती दोनदा वाचली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.