ओळख दाखवायची नाही

मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या खानदानाला ठाऊक होतं. तरीही भाचीने तिला आपल्या समुपदेशनाच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसवलं, याला माया म्हणायचं की मूर्खपणा, हे ज्याचं त्याने ठरवावं. भाचीकडे मनाला जबर धक्का बसलेली माणसं यायची. मावशीने दार उघडायचं, पाणी द्यायचं, फोन घ्यायचा. गप्पा मारणं कामात बसत नव्हतं आणि तिथेच सगळी गोची होती.

पहिल्याच भेटीत भाची येणाऱ्याशी करार करायची. कुठे बसायचं ते त्याने ठरवायचं. नको ते बोलणं निघालं तर तळहात वर करायचा. हात वर झाला की भाची अर्ध्या वाक्यात थांबणार, का म्हणून विचारणार नाही. आणि बाहेर कुठे गाठ पडली, तर दवाखान्यातल्यांनी ओळख दाखवायची नाही. समोरच्याने आधी दाखवली तरच बोलायचं.

"म्हणजे माणूस समोर उभा आणि आपण खांबाकडे बघायचं?" मावशीने विचारलं होतं.

"हो. कितीतरी जणांच्या घरी माहीत नसतं, मावशी."

"आमच्या वेळी धक्के बसले की लोक कपडे झटकून कामाला लागायचे."

"आणि संध्याकाळी पोरांना बडवायचे," भाची म्हणाली. मावशीला आपले वडील आठवले आणि तिने पाण्याचे ग्लास विसळायला घेतले.

नावं विचारायला बंदी होती, म्हणून मावशी माणसं वारावरून ओळखायची. एकदा पाहिलेला चेहरा विसरायची नाही, याचा तिला भारी तोरा. त्यात मंगळवारची तिची लाडकी. तिशीतली, हडकुळी, पिशवी पोटाशी धरून बसणारी. तिला खुर्ची दाराजवळ लागे आणि दार किलकिलं लागे. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून भाचीने मावशीच्या कानाशी एक घरघरणारा पंखा लावून ठेवला होता. त्या पोरीला नेमकं काय झालंय हे मावशीला कधीच कळलं नाही, आणि त्यापायी मावशीचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

एका मंगळवारी ती आलीच नाही. दोन दिवसांनी मावशी बेकरीत रांगेत उभी, तर पुढे हीच. शेजारी एक जाडजूड मिशाळ गृहस्थ. मावशीला इतका आनंद झाला, की करार कुठल्या कुठे गेला.

"अगं, मंगळवारी का नाही आलीस? भाची वाट बघत बसली!"

ती पांढरीफटक पडली. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

आता मावशीच्या स्मरणशक्तीवर कुणी शंका घेतली, तर ती गप्प बसेल? "गैरसमज कसला? दाराजवळची खुर्ची तुझीच ना!"

"कुठली खुर्ची? मंगळवारी कुठे जातेस तू?" मिशाळ गृहस्थ म्हणाला. तो तिचा थोरला भाऊ होता. ती पाव न घेताच बाहेर पडली आणि तो तिच्या मागे.

भाचीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही, हेच वाईट. "इतक्या महिन्यांनी तिला एक जागा सुरक्षित वाटायला लागली होती," एवढंच म्हणाली. मावशी त्या रात्री जेवली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आली होती. आता स्वतःची जीभ उपटून फेकावीशी वाटत होती.

पुढच्या मंगळवारी ती आली. आत न जाता टेबलापुढे उभी राहिली. घरी काहीतरी थाप मारली होती म्हणे, पण भाऊ रोज खोदून विचारत होता.

"बाई गं, माझं चुकलंच," मावशी सुरू झाली, "म्हातारपणी अक्कल अशी..."

तिने तळहात वर केला.

मावशी थांबली. सबंध जन्मात तिला असं कुणी थांबवलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा.

"बाहेर तुम्ही मला ओळखत नाही," ती म्हणाली. "मी आधी बोलले तरच."

"ओळखत नाही," मावशी म्हणाली आणि तिने कानाला खडा लावला.

मग व्हायचं तेच झालं. बेकरी तीच आणि रांगही तीच. मावशीने दोघांना येताना पाहिलं आणि ती टोस्टच्या बरणीकडे अशी बघत राहिली, जणू आत काहीतरी हलतंय.

पण भाऊच पुढे आला. "तुम्हीच ना त्या? मंगळवारी ही कुठे येते?"

"कोण ही? मी ओळखत नाही."

"त्या दिवशी खुर्ची म्हणालात."

"वय झालं हो माझं. चेहरे लक्षात राहत नाहीत. काहीही बरळते." अख्खा तोरा तिने बेकरीच्या काउंटरवर ठेवून दिला होता. रांगेतले लोक तिच्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले.

"खोटं बोलताय तुम्ही..."

"पुरे, दादा."

तिने तळहात वर केला होता, थेट भावाच्या नाकासमोर. भाऊ बहुधा आश्चर्यानेच थांबला.

"मी जाते तिथे. मला बरं वाटावं म्हणून जाते. कशासाठी ते तुला सांगणार नाही आणि जायची थांबणार नाही." मग ती वळली. "हो ना मावशी?"

मावशीला दरदरून घाम फुटला होता. शब्द म्हणजे शब्द. "कोण मावशी?" ती ओरडली. "मी कुणाची मावशीबिवशी नाही!"

मंगळवारची हसायला लागली. पिशवी हातातून सुटली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसत होती. भावाला कुठे बघावं ते कळेना.

"अहो, मी आधी बोलले," ती कशीबशी म्हणाली. "आता बोललात तरी चालेल."

मावशीने तिची पिशवी उचलून दिली. बोलण्यासारखं पोटात इतकं साठलं होतं, पण तिने एकच विचारलं.

"मंगळवारी खुर्ची कुठे ठेवू?"

"दाराजवळच," ती म्हणाली. "अजून तरी."